दात काढल्यावर इम्प्लांट कधी बसवायचं? लगेच, दोन महिन्यांनी की सहा महिन्यांनी?

दाढ किडली, रूट कॅनल झालं, कॅप बसली, काही वर्षांनी तीच दाढ आतून तडकली आणि शेवटी काढावी लागली. हा प्रवास बऱ्याच जणांना ओळखीचा आहे. तोंडात कापूस धरून माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते, दुखणं थांबलं ना, झालं मग. त्या रिकाम्या जागेचं काय करायचं, ते नंतर बघू.

ते 'नंतर' आलं की गोंधळ सुरू होतो. एक डॉक्टर म्हणतात, दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट बसवता आलं असतं. दुसरे म्हणतात, तीन-चार महिने थांबायला हवं. मोबाईलवर एक रील येतं, 'तीन दिवसांत पक्के दात'. शेजारच्या काकांना तर सांगितलेलं असतं की आता फार उशीर झाला, आधी हाड भरावं लागेल.

ऐकणाऱ्याला वाटतं, यातलं कुणीतरी फसवतंय. प्रत्यक्षात यातली बरीचशी उत्तरं आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कारण इम्प्लांटची वेळ कॅलेंडर बघून ठरत नाही, ती जबड्यातल्या हाडाकडे बघून ठरते. आणि हे हाड दात निघाल्या दिवसापासून बदलायला लागतं.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

इम्प्लांट म्हणजे नवा दात, असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर इम्प्लांट हे दाताचं मूळ आहे. टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. त्यावर एक जोड येतो आणि जोडावर दातासारखी दिसणारी कॅप.

नैसर्गिक दात आणि इम्प्लांट यांच्यात मोठा फरक आहे. नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ थर असतो, तो गादीसारखं काम करतो. इम्प्लांटला अशी गादी नसते. हाड थेट धातूच्या पृष्ठभागाला लागून वाढतं आणि स्क्रूला घट्ट धरून ठेवतं. हे धरणं नीट झालं तर इम्प्लांट वर्षानुवर्षं टिकतं. ते झालंच नाही, तर कॅप कितीही महाग असली तरी उपयोग नाही.

म्हणून सगळा प्रश्न येतो हाडावर. ते किती आहे, कसं आहे आणि स्क्रूला धरून ठेवायला त्याला पुरेशी शांतता मिळते का?

सशाच्या हाडात अडकलेला धातू

१९५०च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रॉनमार्क नावाचे डॉक्टर हाडातला रक्तप्रवाह कसा चालतो, हे बघत होते. त्यासाठी त्यांनी सशांच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी उपकरणं बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेनात. हाड धातूला असं काही धरून बसलं होतं की दोन्ही एकजीव झाल्यासारखे वाटत होते.

यातून आधुनिक इम्प्लांटचा जन्म झाला. १९६५ मध्ये योस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात ब्रॉनमार्क यांनी टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. लार्सन यांचं निधन २००६ मध्ये झालं. तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, त्यांच्या तोंडात इम्प्लांटवरचे दात होते.

ब्रॉनमार्क यांची पद्धत अतिशय सावध होती. दात काढल्यावर जखम आणि हाड पूर्ण भरू द्यायचं, त्यात कित्येक महिने जात. मग स्क्रू बसवायचा आणि वरून हिरडी शिवून टाकायची. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने त्याला कुणी हात लावायचा नाही. वरच्या जबड्याचं हाड तुलनेनं मऊ आणि सच्छिद्र असतं, म्हणून तिथे जास्त वाट बघायची. एवढं झाल्यावर मग दात. सगळं मिळून वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागायचा.

१९८२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात झालेल्या परिषदेनंतर ही पद्धत जगभर पोहोचली. साहजिकच पुढचा प्रश्न आला, एवढं थांबणं खरंच गरजेचं आहे का? आणि थांबल्यामुळे काही नुकसानही होतं का?

दात निघाल्यावर आत काय चालतं?

दात निघाला की मागे खड्डा राहतो. काही वेळात तो रक्ताने भरतो आणि त्याची गुठळी होते. पहिल्या दिवशी चूळ जोरात भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, सिगारेट ओढू नका असं डॉक्टर बजावतात, ते ही गुठळी जागेवर राहावी म्हणून. पुढची सगळी डागडुजी तिच्यावरच उभी राहते.

पहिल्या काही आठवड्यांत गुठळीच्या जागी नवी मऊ पेशीजालं येतात आणि वरून हिरडी सरकत सरकत खड्डा झाकते. साधारण चार ते आठ आठवड्यांत वरून सगळं बरं झाल्यासारखं दिसतं. आत मात्र कच्चं हाड तयार होत असतं. ते पक्कं व्हायला आणखी काही महिने लागतात.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. आपोआप हाड भरतंय, तर थांबलेलं बरं, असं कुणालाही वाटेल. पण त्याच वेळी दुसरी एक गोष्ट उलट्या दिशेने चालू असते. खड्डा आतून भरत असतो आणि त्याच्या भिंती बाहेरून खचत असतात.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांची एकेक दाढ किंवा उपदाढ काढलेली होती. वर्षभर मोजमाप घेतल्यावर दिसलं, की त्या जागेची रुंदी सरासरी १२ मिलिमीटरवरून जवळपास ६ मिलिमीटरवर आली. म्हणजे निम्मी. त्यातली सुमारे दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती.

इम्प्लांटचा स्क्रू साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी हाड असावं लागतं. म्हणजे हे मिलिमीटर किती मोलाचे आहेत, ते लक्षात येईल.

खचते ती मुख्यतः बाहेरची, म्हणजे ओठ आणि गालाकडची भिंत. याला कारण आहे. त्या भिंतीचा आतला थर दातासाठीच असतो. दाताला धरून ठेवणारे तंतू त्यातच रुतलेले असतात आणि दात गेला की त्या थराचं कामच संपतं. शरीर तो थर हळूहळू विरघळवून टाकतं. समोरच्या वरच्या दातांपाशी ही भिंत अनेकांमध्ये एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. ती जवळपास पूर्ण याच थराची बनलेली असल्याने आधी तीच जाते.

म्हणजे थांबण्याचा फायदा हा, की खड्डा भरतो. तोटा हा, की भिंत खचते. इम्प्लांटची वेळ ठरवणं म्हणजे या दोन गोष्टींचा मेळ घालणं.

वेळेचे चार टप्पे

२००४ मध्ये इम्प्लांट क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी यासाठी चार प्रकार मांडले. आजही डॉक्टर त्याच भाषेत बोलतात.

पहिला प्रकार, त्याच दिवशी. दात काढला आणि त्याच खड्ड्यात इम्प्लांट बसवलं. एकच शस्त्रक्रिया होते आणि वेळही वाचतो. पण खड्ड्याच्या भिंती शाबूत हव्यात, हिरडी जाड हवी आणि स्क्रूला घट्ट पकड मिळेल एवढं हाड खड्ड्याच्या तळाशी हवं. खड्डा स्क्रूपेक्षा मोठा असतो, त्यामुळे मधली फट अनेकदा हाडाच्या पावडरीने भरावी लागते.

दुसरा प्रकार, चार ते आठ आठवड्यांनी. हिरडी भरून आलेली असते, हाड अजून भरलेलं नसतं. मूळचा जंतुसंसर्ग तोपर्यंत शांत होतो आणि नवी भरलेली हिरडी इम्प्लांट व हाडाची पावडर झाकायला उपयोगी पडते. समोरच्या दातांमध्ये बाहेरची भिंत पातळ किंवा तुटलेली असेल, तर अनेक तज्ज्ञ ही वेळ पसंत करतात.

तिसरा प्रकार, तीन ते चार महिन्यांनी. खड्ड्यात बऱ्यापैकी हाड आलेलं असतं. दाताच्या मुळाशी हाड मोठ्या प्रमाणात पोखरलेलं असेल आणि आधी बसवलं तर स्क्रूला पकडच मिळणार नसेल, तेव्हा हा मार्ग निवडतात.

चौथा प्रकार, सहा महिने किंवा त्याहून उशिरा. हाड पूर्ण भरलेलं असतं, पण रुंदी कमी झालेली असते. मोठी गाठ काढलेली असेल, एखादा आजार असेल किंवा रुग्णाचं वय लहान असेल, तेव्हा थांबण्याशिवाय पर्याय नसतो.

या चारमधला कुठलाच प्रकार सगळ्यांसाठी सर्वोत्तम नाही.

'लगेच बसवलं की हाड वाचतं' हे खरं आहे का?

बराच काळ डॉक्टरांनाही असंच वाटायचं. दात गेला म्हणून हाड खचतं, तर दाताच्या जागी लगेच स्क्रू घातला की हाडाला वाटेल दात आहेच. ऐकायला तर्क पक्का वाटतो. पण २००५ च्या सुमारास अराउजो आणि लिंडे या संशोधकांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की इम्प्लांट लगेच बसवलं तरी बाहेरची भिंत खचतेच. कारण त्या थराला दाताचे तंतू हवे असतात आणि स्क्रूला तंतू नसतात.

त्यामुळे 'आजच बसवा, नाहीतर हाड जाईल' असं कुणी घाबरवत असेल, तर ते अर्धसत्य आहे. लगेच बसवल्याने वेळ आणि एक शस्त्रक्रिया वाचते. हाडाचं खचणं त्याने आपोआप थांबत नाही. फटीत हाडाची पावडर भरणं, स्क्रू योग्य कोनात आणि टाळूच्या बाजूला थोडा आत बसवणं, अशा गोष्टींनी त्याचा परिणाम कमी करता येतो. त्या जमल्या नाहीत, तर समोरच्या दातावर वर्ष-दोन वर्षांत हिरडी वर सरकते. मग शेजारच्या दातापेक्षा हा दात लांब दिसतो किंवा हिरडीतून करडी छटा डोकावते. दाढेत हे कुणाला दिसत नाही. हसताना दिसणाऱ्या दातात मात्र ते कायमचं खुपतं.

टिकण्याचं गणित काय सांगतं?

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, एकच दात बदललेल्या रुग्णांवरचे आधीचे अभ्यास एकत्र केले गेले. त्यात लगेच बसवलेल्या इम्प्लांटपैकी सुमारे ९५ टक्के टिकले होते, तर थांबून बसवलेल्यांपैकी सुमारे ९९ टक्के.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. लगेच बसवलेली बहुतेक इम्प्लांट टिकतातच, त्यामुळे तो मार्ग चुकीचा नाही. पण अपयशाचा धोका तिथे जास्त आहे, हेही खरं. म्हणूनच योग्य रुग्ण निवडणं आणि डॉक्टरांचा हात बसलेला असणं, या दोन गोष्टी तिथे फार महत्त्वाच्या ठरतात.

स्क्रू लगेच आणि दात लगेच, या दोन वेगळ्या गोष्टी

जाहिरातींमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दात काढल्या दिवशी हाडात स्क्रू बसवणं ही एक गोष्ट. त्या स्क्रूवर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत दात चढवणं ही दुसरी. पहिली झाली म्हणजे दुसरी झालीच पाहिजे, असं नाही.

स्क्रू बसवताना त्याला जी पकड मिळते, ती भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी असते. हाडाने धातूला धरण्याशी तिचा संबंध नसतो. पुढच्या काही आठवड्यांत स्क्रूभोवतीचं जुनं हाड थोडं विरघळतं आणि नवं अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास पकड सर्वांत कमी असू शकते. मग नवं हाड ती पुन्हा वाढवतं. नेमक्या त्या काळात भाकरी, चिक्की किंवा उसाचं कांडं चावून स्क्रू हलला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ पेशींचा थर तयार होतो आणि इम्प्लांट सैल पडतं.

म्हणून समोरच्या दातावर लगेच तात्पुरती कॅप दिली तरी ती मुद्दाम थोडी आखूड ठेवतात, म्हणजे चावताना समोरच्या दाताला लागत नाही. ती दिसण्यापुरती असते, खाण्यासाठी नाही. संपूर्ण जबड्याचे दात लगेच देताना अनेक स्क्रू एकमेकांना पक्के जोडून भार वाटून घेतात. हे तंत्र एकट्या दाढेला लागू होत नाही.

कोणता दात आहे, यावर बरंच अवलंबून

समोरचे वरचे दात दिसायला महत्त्वाचे आणि तिथली भिंत सर्वांत पातळ. म्हणून तिथे वेळेचा निर्णय सर्वांत नाजूक असतो.

खालच्या दाढेला साधारण दोन मुळं असतात, त्यामुळे खड्डा मोठा असतो आणि स्क्रूला चारी बाजूंनी पकड मिळणं अवघड जातं. शिवाय खालच्या जबड्यातून संवेदनेची नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटीचा भाग बधिर राहू शकतो.

वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. दाढ गेल्यावर काही जणांमध्ये ही पोकळी खाली उतरते आणि मधलं हाड पातळ होतं. मग सायनसचा पडदा वर उचलून खाली हाड भरावं लागतं.

हे सगळं साध्या एक्स-रेवर पुरेसं दिसत नाही. जबड्याचा त्रिमितीय स्कॅन केला की भिंतीची जाडी, नस आणि सायनस यांचं नेमकं अंतर मोजता येतं.

कुणी जास्त सावध राहायला हवं?

दाताच्या मुळाशी पू आणि सूज असेल, तर सहसा आधी दात काढून जागा नीट साफ करतात आणि संसर्ग शांत होऊ देतात.

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही, हा गैरसमज आहे. साखर आटोक्यात असेल तर होऊ शकतं. नसेल तर जखम उशिरा भरते आणि संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट मागितला जातो.

तंबाखू हा महाराष्ट्रातला मोठा अडथळा. सिगारेट-विडीने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट अपयशी ठरण्याचा धोका वाढतो. मिश्री लावणाऱ्या अनेकांना आपण तंबाखू वापरतो असं वाटतच नाही, त्यामुळे ते डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. गुटखा आणि सुपारीने तोंड कमी उघडायला लागलं असेल, तर आतल्या दाढेपर्यंत अवजार पोहोचवणंच कठीण होतं.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोग हाडात पसरल्यावर दिली जाणारी काही औषधं जबड्याच्या हाडाची भरून येण्याची ताकद कमी करतात. जबड्याला रेडिएशन मिळालेलं असेल तरीही तसंच. अशा रुग्णांनी दात काढण्याच्या आधीच हे सांगायला हवं. मनाने औषध बंद करणं मात्र टाळावं.

आणि वय. पडून किंवा खेळताना शाळकरी मुलाचा समोरचा दात गेला, की आईवडिलांना लगेच इम्प्लांट हवं असतं. पण जबडा वाढत असताना बाकीचे दात त्याच्यासोबत खाली येतात आणि इम्प्लांट जागचं हलत नाही. काही वर्षांनी तो दात रांगेत आखूड दिसू लागतो. म्हणून जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत तात्पुरत्या दातावर काम भागवतात.

फारच उशीर झाला असेल तर?

दहा वर्षांपूर्वी दाढ काढली आणि जागा तशीच आहे, अशी माणसं घरोघरी सापडतात. त्यांच्यासाठी दार बंद झालेलं नसतं. पण तोवर हाड अरुंद झालेलं असतं, शेजारचे दात त्या जागेत कललेले असतात आणि समोरच्या जबड्यातला दात रिकाम्या जागेत उतरलेला असतो. आधी हाड वाढवणं, कधी दात सरळ करणं, मग इम्प्लांट, असा लांबचा रस्ता घ्यावा लागतो. त्यात खर्च आणि महिने दोन्ही वाढतात. काहींसाठी ब्रिज किंवा काढता-घालता येणारी कवळी हाच जास्त शहाणपणाचा पर्याय ठरतो.

लगेच इम्प्लांट करायची तयारी नसेल, पण पुढे करायचं असेल, तर मधला मार्ग आहे. दात काढतानाच खड्ड्यात हाडाची पावडर भरून वर पातळ पडदा बसवतात. यानेही खचणं पूर्ण थांबत नाही, पण बरंच कमी होतं. अर्थात हे दात काढण्याच्या वेळीच करावं लागतं. वर्षभराने आठवून उपयोग नसतो.

दात काढण्याआधी विचारायचे प्रश्न

बहुतेक लोक इम्प्लांटबद्दल विचारतात ते दात काढून झाल्यावर. तोपर्यंत काही पर्याय हातातून गेलेले असतात. म्हणून दात काढण्याची तारीख ठरवतानाच हे विचारून घेतलेलं बरं:

१. या जागी पुढे इम्प्लांट, ब्रिज की कवळी, काय योग्य ठरेल?

२. दात काढताना बाहेरची भिंत वाचेल अशा पद्धतीने काढता येईल का?

३. त्याच दिवशी इम्प्लांट शक्य आहे का? नसेल तर कारण काय आणि किती आठवडे थांबायचं?

४. दात काढल्यावर भिंत तुटलेली निघाली किंवा स्क्रूला पकड मिळाली नाही, तर पुढचा बेत काय?

५. खड्ड्यात हाड भरण्याची गरज आहे का? त्याचा खर्च धरलेला आहे का?

६. स्क्रू बसल्यावर खाण्याजोगी कॅप किती महिन्यांनी मिळेल?

चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा. दात निघेपर्यंत खड्ड्याची खरी अवस्था पूर्ण कळत नाही. आजच इम्प्लांट बसवायचं ठरवून आत गेलेला डॉक्टर भिंत तुटलेली बघून 'दोन महिने थांबू' म्हणाला, तर तो टाळाटाळ करत नाही. उलट, बेत बदलायची तयारी असलेल्या डॉक्टरवर जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

दात काढायला काही मिनिटं लागतात. त्या जागेचं हाड मात्र पुढचे तीन महिने झपाट्याने बदलत राहतं. त्यामुळे इम्प्लांट आज करायचं की सहा महिन्यांनी, हे डॉक्टर आणि स्कॅन मिळून ठरवतील. त्याबद्दल बोलणं मात्र भुलीचं इंजेक्शन टोचण्याआधी झालेलं असावं.